बाळंतिणीच्या दंडाला बीपीचं मशीन : वर्षभर वापरल्यावर

बीपीच्या मशीनच्या खोक्यावर सगळ्यात कामाचा आकडा सगळ्यात बारीक अक्षरांत छापलेला असतो. २२ ते ३२ सेंमी. ज्याच्या दंडाचा घेर या दोन आकड्यांच्या मध्ये बसतो, त्यालाच तो पट्टा लागू. दुकानदार मेमरी किती, वॉरंटी किती, सगळं धडाधडा सांगतो, पण हे सांगत नाही. माझा जन्म ब्लाउज शिवण्यात गेला, पर्समध्ये टेप असतेच. कराडच्या मेडिकलमध्ये काउंटरपाशीच लेकीची बाही वर सारली आणि माप घेतलं. दंडघेर साडेतेरा इंच. म्हणजे ३४ सेंटिमीटरच्या पुढे. "काकू, सगळे हेच नेतात," दुकानदार म्हणाला. नेत असतील. मी मोठ्या पट्ट्याचं, २२ ते ४२ सेंटिमीटरवालं मागवून घेतलं.

पट्टा आखूड पडला तर बीपी असतं त्याहून जास्त दिसतं, आणि ढगळ पडला तर कमी. ब्लाउज घट्ट झाला तर गिऱ्हाईक लगेच दुकानात येऊन भांडतं. पट्टा चुकला तर मशीन काही बोलत नाही, चुकीचा आकडा दाखवून मोकळं होतं. आणि गरोदर बाईच्या बाबतीत दहाचा फरकसुद्धा भारी पडतो. १४०/९० ही रेघ आहे. अलीकडे असलं तर "लक्ष ठेवू", पलीकडे गेलं की लघवीची तपासणी, रक्ताच्या तपासण्या, गोळ्या, वेळ पडली तर ॲडमिट.

तर हे मशीन लेकीसाठी घेतलं. ती पुण्यात वाकडला राहते, कंप्युटरचं काम करते. पहिलटकरीण, तिशी उलटलेली, अंगाने भरलेली. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "तुमच्या आईला बाळंतपणात बीपीचा त्रास झाला होता का?" लेकीने तिथूनच फोन लावला. मी काय सांगणार? माझ्या वेळी पाय असे सुजले होते की नवऱ्याच्या चपला घालून फिरायचे. "पहिलटकरणीला सूज येतेच," एवढंच सगळे म्हणाले. सूज येतेही. नुसत्या सुजेवरून काही ठरत नाही, हे आता मला माहीत आहे. पण बीपी कुणी मोजलं असेल तर त्याचा कागद नाही. आज मी बीपीची गोळी खाते, एवढं मात्र खरं. आईला हा आजार झालेला असेल तर लेकीला होण्याची शक्यता वाढते, म्हणून तो प्रश्न होता. बाकीची कारणंही होतीच, त्यामुळे तिला तिसरा महिना संपताना कमी डोसची ॲस्पिरिन सुरू केली.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून तिला माहेरी आणली आणि महिन्याभराने इथल्या तपासणीत बीपी रेघेच्या वर निघालं. थोडं बसवून पुन्हा मोजलं, तरी वरच. लघवीत प्रथिनं. प्रीएक्लॅम्पसिया. विसाव्या आठवड्यानंतर बीपी चढतं आणि सोबत मूत्रपिंडं, यकृत, रक्तातल्या प्लेटलेट यांच्यावर ताण दिसू लागतो, त्याला हे नाव. इथल्या डॉक्टरांनी समजावलं ते मला पटलं: मूळ वारेत असतं. गरोदरपणाच्या सुरुवातीला वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात, त्या नीट होत नाहीत, वारेला रक्त कमी पडतं, आणि मग वारेतून अशी द्रव्यं सुटतात की आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. म्हणजे मीठ जास्त खाल्लं, टेन्शन घेतलं, सासरी कुणी बोललं, यातलं काही नाही. (विहीणबाईंना हे मी मुद्दाम फोन स्पीकरवर टाकून ऐकवलं.) डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, घरी मशीन घ्या, वही ठेवा.

आता मशीनचं.

वरच्या दंडाचं, एक बटण दाबलं की पट्टा आपोआप फुगणारं. चार पेन्सिल सेलवर चालतं. पैसे गेले अडीच हजारांच्या आतबाहेर, त्यात मोठा पट्टा धरून. मनगटाची मशीनं स्वस्त मिळतात, दिसायलाही नाजूक, पण ती घेऊ नका. मनगट हृदयाच्या उंचीला धरलं नाही तर आकडा हवा तसा फिरतो, आणि पोट पुढे आलेल्या बाईला ते धरून बसणं जमत नाही.

मोजायची रीत महत्त्वाची. पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून गप्प बसायचं. पाय जमिनीवर, एकावर एक टाकायचे नाहीत. आधी लघवीला जाऊन यायचं. दंड उघडा, बाही वर गुंडाळून दंडावर आवळलेली नको. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून बोटभर वर, नळी आतल्या बाजूला. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. आमचं टेबल उंचीला कमी पडत होतं, म्हणून हाताखाली ब्लाउजच्या अस्तराच्या कापडाची गड्डी ठेवायचो. मोजताना बोलायचं नाही, हे सगळ्यात अवघड गेलं. माझ्या लेकीला आणि मलाही. एकदा मोजून मिनिटभराने पुन्हा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. चांगला दिसेल तो ठेवून दुसरा सोडायचा, असं नाही.

एक गोष्ट जवळून बघितली ती सांगते. जावईबापू शनिवार-रविवारी यायचे. लेक डाव्या कुशीवर झोपलेली, कारण डाव्या कुशीवर झोप असं सगळेच सांगतात. तिला उठवायला नको म्हणून त्यांनी वरचा हात, म्हणजे उजवा, तसाच घेऊन पट्टा बांधला. आकडा आला ११८/७४. घरात आनंदीआनंद, जावईबापू पेढे आणायच्या गोष्टी करू लागले. मी तिला उठवून खुर्चीत बसवलं, पाच मिनिटं गप्प ठेवलं, मोजलं, तर १४२/९२. मशीन बिघडलेलं नव्हतं. कुशीवर झोपल्यावर वरचा दंड हृदयापेक्षा उंचावर जातो आणि जेवढा उंच तेवढं बीपी कमी दिसतं. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. "दवाखान्यांमध्येसुद्धा असं घेतात," म्हणाले. त्याच खेपेला मशीन सोबत नेलं होतं. त्यांनी आपल्या पाऱ्याच्या मशीनवर आणि आमच्या मशीनवर पाठोपाठ मोजून बघितलं. तीन-चारचा फरक होता, तो त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला.

हे ताडून बघणं सोडू नका. घरची बरीच मशीनं साध्या माणसांवर तपासून पास झालेली असतात. प्रीएक्लॅम्पसियात रक्तवाहिन्यांचा ताठरपणा वेगळा असतो आणि काही मशीनं तिथे खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवतात. कमी दाखवणं हे जास्त दाखवण्यापेक्षा वाईट. 'स्ट्राइड बीपी' नावाची एक आंतरराष्ट्रीय यादी नेटवर फुकट बघायला मिळते, त्यात गरोदर बायकांवर तपासलेली मशीनं वेगळी दिलेली आहेत. लेकीने आमचं मॉडेल त्यातूनच शोधलं. कंपनीच्या नावावर जाऊ नका, एकाच कंपनीचं एक मॉडेल यादीत असतं आणि दुसरं नसतं. मॉडेलचा नंबर जुळवा.

गरोदर बायकांसाठीच बनवलेलं मशीनही आहे, हे तिनेच वाचून दाखवलं. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी केलेलं, 'क्रॅडल' नावाचं. त्यावर आकड्याशेजारी हिरवा, पिवळा, लाल दिवा लागतो, म्हणजे अक्षरओळख कमी असलेल्या बाईलाही कळावं. आफ्रिकेतल्या देशांत, हैतीत आणि आपल्या शेजारी बेळगाव जिल्ह्यात गोकाकला त्याची मोठी चाचणी झाली. २०१९ मध्ये निकाल आला तेव्हा सगळी ठिकाणं मिळून माता-मृत्यू आणि या आजारात येणारे आकडीचे झटके ठामपणे कमी झालेले दिसले नाहीत. दिवा लाल लागला तरी पुढे गाडी, डॉक्टर, इंजेक्शन लागतं ना. मशीन काय करणार?

यावरूनच दुसरी गोष्ट. "घरी मशीन असलं की आजार लवकर पकडता येतो" असं दुकानदार सांगतात, ते जसंच्या तसं मानू नका. इंग्लंडमध्ये जोखमीच्या दोन हजारांहून जास्त गरोदर बायकांवर हे करून बघितलं, अर्ध्यांना घरी मोजायला लावलं. २०२२ मध्ये छापून आलं: घरी मोजणाऱ्यांचा वाढलेला बीपी काही लवकर सापडला नाही. तिथे तपासण्या वेळच्या वेळी होतात, हेही खरं. पण मुद्दा हा की गरोदरपणात मशीन म्हणजे दवाखान्याच्या फेऱ्यांना पर्याय नाही. डोकं जाम दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे कळ, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काही झालं तर मशीन १२०/८० दाखवो नाहीतर काही दाखवो, निघायचं.

मग पाचपैकी चार स्टार कशाला देते आहे? बाळंतपणानंतरच्या कामासाठी. लोक मशीन गरोदरपणासाठी घेतात आणि बाळ घरी आलं की खोक्यात भरून कपाटावर टाकतात. खरी गरज तेव्हा सुरू होते.

छत्तिसाव्या आठवड्यात कळा आणवून तिची सुटका केली. मुलगी झाली, २ किलो १०० ग्रॅम. बीपी उतरलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, चौथ्या दिवशी घरी आलो. डिस्चार्जच्या कागदावर टाके कधी दाखवायचे ते होतं, बाळाच्या लसींच्या तारखा होत्या, आईचं बीपी घरी कधी आणि किती वेळा मोजायचं, त्याबद्दल ओळसुद्धा नव्हती. दवाखान्याचं नाव घेत नाही. नंतर चार घरांतले कागद बघितले, सगळीकडे तेच.

दुसऱ्या दिवशी पाचवी. पाटा-वरवंटा पुजला, सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवलं, रात्र जागवायची म्हणून जाऊबाई आलेल्या. संध्याकाळपासून लेक म्हणत होती, डोकं दुखतंय. जाऊबाई म्हणाल्या, बाळंतिणीला वारं लागलं, कानाला फडकं बांध. मी वही आणि मशीन काढलं. खुर्चीत बसवलं, गप्प केलं. १६४/१०८. मिनिटभराने १६२/११०. एवढा आकडा दवाखान्यात आम्ही कधीच बघितला नव्हता. वार तर पडलेली, बाळ बाहेर, मग आता बीपी का चढावं? उत्तर नंतर कळलं. बाळंतपणानंतर अंगात साठलेलं पाणी परत रक्तात येतं, आणि बीपी सगळ्यात वर जातं ते तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान. आपल्याकडच्या बायका पाचवी-सहावीच्या रात्रीला भ्यायच्या ते काही उगाच नसणार, असं मला राहून राहून वाटतं. झटके तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही येऊ शकतात.

शेजारच्या पोराची गाडी काढली. दवाखान्यात पोचल्यावर गोळ्या आणि मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन. ते शिरेत जाताना अंगातून आगीची लाट जाते, असं लेक म्हणत होती, चेहरा लालबुंद झाला होता. सिस्टर तासातासाला येऊन गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायच्या, श्वास मोजायच्या, लघवीच्या पिशवीवरची रेघ वाचायच्या. औषध जास्त झालं तर आधी गुडघ्याखालचा पाय उडायचा थांबतो, म्हणून ती हातोडी. हे औषध जुनंच, पण २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांची 'मॅगपाय' चाचणी झाली आणि त्यातून झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो हे पक्कं ठरलं. स्वस्त औषध आहे. मी सिस्टरना विचारलं होतं, एवढं महागाचं असेल का, तर त्या म्हणाल्या, "मावशी, तुमच्या मशीनच्या मानाने काहीच नाही."

मशीन नसतं तर त्या रात्री कानाला फडकं बांधलं असतं. एवढंच लिहिते.

परत घरी आलो ते डॉक्टरांनी आखून दिलेल्या तक्त्यासकट. सकाळ-संध्याकाळ मोजायचं, फोटो पाठवायचा, ते फोनवर गोळी कमी-जास्त करायचे. बाळाला पाजताना चालतील अशाच गोळ्या दिल्या होत्या. लेकीने तेव्हा ऑक्सफर्डचा एक अभ्यास वाचून दाखवला, २०२३ चा. २२० बाळंतिणी. अर्ध्यांना नेहमीसारखी देखभाल, अर्ध्यांनी घरी मोजून आकडे पाठवायचे आणि डॉक्टरांनी त्यावरून डोस नेमका ठेवायचा. नऊ महिन्यांनी बघितलं तर घरी मोजणाऱ्यांचा खालचा आकडा सरासरी पाच-सहाने कमी. म्हणजे बाळंतपणानंतरचे ते काही आठवडे बीपी नेमकं काबूत ठेवलं तर त्याचा फायदा नंतरही टिकतो. मला हा अभ्यास आधी माहीत असता तर मशीनवर दुप्पट पैसे घातले असते.

आशाताई यायच्या. तिसरा, सातवा, चौदावा, असं करत बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्यांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. बाई मोठी प्रेमळ. पिशवीतून झोळीचा काटा काढायची, बाळाचं वजन करायची, ताप बघायची, पाजायला बसली की नीट धरायला शिकवायची. मी म्हटलं, आईचंही बघा की. तर ती म्हणाली, "ताई, मला काटा दिलाय, मशीन नाही दिलं." मग तीच आमच्या मशीनवर माझं बीपी बघू लागली आणि वहीत मान घालून लेकीचे आकडे वाचू लागली.

सव्वा महिना झाला, देवाला जाऊन आलो, लेक अंगणात हिंडू लागली. सगळ्यांच्या लेखी प्रकरण संपलं. गोळी आणखी काही आठवडे चालली, मग डॉक्टरांनी बंद केली. बंद करताना मला आणि तिला समोर बसवून जे सांगितलं ते मी इथे लिहिते, कारण कुणाच्याही कागदावर ते छापलेलं नसतं. ज्या बाईला प्रीएक्लॅम्पसिया झाला तिला पुढे कायमचं बीपी लागण्याचा धोका इतर बायकांच्या तीन-चार पट, आणि हृदयविकाराचा, पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट. म्हातारपणीचंच नाही हे, पस्तिशी-चाळिशीतही होतं. पुढच्या बाळंतपणात पुन्हा होऊ शकतं, म्हणून दिवस राहिल्या राहिल्या डॉक्टरांना सांगायचं. कुठलाही डॉक्टर, दातांचा का असेना, "पूर्वीचं काही?" विचारेल तेव्हा हे सांगायचं. बायका "सिझर झालं होतं" एवढं आठवणीने सांगतात, आणि बीपीचं विसरतात, कारण ते "बाळंतपणातलं" होतं.

म्हणून मशीन अजून टेबलावरच आहे. लेक पुण्याला गेली तेव्हा ते तिच्यासोबत गेलं आणि मी माझ्यासाठी तसलंच दुसरं घेतलं. महिन्यातून एकदा ती मोजते आणि मला फोटो येतो. वर्षातून एकदा साखर आणि कोलेस्टेरॉल. शेजारणीच्या सुनेला गरोदरपणात साखर होती, तिलाही मी मागे लागून बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी ग्लुकोज पाजून करायची तपासणी करायला लावली. ती तर म्हणत होती, साखर गेली की आता. गेली खरी. पण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका मोठा, आणि तपासणी करायला कुणी सांगत नाही.

नातीबद्दल. या मशीनचा पट्टा लहान मुलांना लावू नका. दोघींच्या दंडात जमीन-अस्मानाचा फरक, आकडा काहीही येतो. मुलांचा पट्टा वेगळा आणि मुलांच्या बीपीचे तक्तेही वय-उंचीप्रमाणे वेगळे, ते काम बालरोगतज्ज्ञांचं. आईला हा आजार झालेल्या मुलांचं बीपी मोठेपणी इतरांपेक्षा थोडं वर राहतं असं दिसलंय. फार नाही, दोन-तीन आकडे. पण सुरुवातच तिथून. तिसरं वर्ष सरलं की वर्षातून एकदा तिचं मोजून घ्यायचं, असं ठरवून दिलंय.

दोन किलोची नात बघून घरात प्रत्येकाला ती "भरवायची" घाई. विहीणबाई तुपाची बरणी घेऊन आल्या, कुणी डब्याची पावडर सुचवली. इथे मला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम उपयोगी पडलं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची बाळं वर्षानुवर्षं तपासली. आपल्याकडची बाळं जन्मतः सरासरी २ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास, इंग्लंडची साडेतीन किलोची. पण फरक बहुतेक मांसात, पोटाच्या अवयवांत; चरबी मात्र आपल्या बाळांनी जवळपास तेवढीच राखलेली. दिसायला काडी, आतून चरबी. अशी मुलं पुढे भराभर जाड झाली की मधुमेह, बीपी लवकर गाठतं. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं ते आम्ही केलं: सहा महिने फक्त आईचं दूध, सुरुवातीला उघड्या छातीशी धरून ठेवायचं, वजन तक्त्यावरच्या रेघेने वाढतंय ना बघायचं. गुटगुटीत करायची स्पर्धा नको. तुपाची बरणी मी विहीणबाईंच्या मुलालाच खाऊ घातली, तो आधीच गुटगुटीत आहे.

आता मशीनच्या तक्रारी, ज्यांच्यामुळे एक स्टार कापला.

पट्ट्याचं वेल्क्रो. रोज दोनदा उघडझाप केल्यावर सहा महिन्यांत कडेची शिवण उसवली. शिवण बघितली, एकेरी टीप मारलेली, तीही लांब टाक्यांची. मी घरच्या मशीनवर दुहेरी मारून घेतली, हवेची पिशवी सुईत सापडू नये म्हणून कडेनेच. सगळ्यांना ते जमणार नाही, आणि सुई पिशवीला लागली तर पट्टा गेला.

स्क्रीनमध्ये उजेड नाही. बाळंतिणीच्या खोलीत रात्री दिवा लावता येत नाही, बाळ जागं होतं. मोबाइलची बॅटरी धरून आकडे वाचावे लागतात. बीप बंद करायची सोय आहे, पण पुस्तिकेत ती आतल्या पानावर दडवलीये. बोलून आकडा सांगणारी मॉडेलं मिळतात, ती घरात तान्हं असेल तर अजिबात नकोत.

मेमरी एकाच माणसाची. लेकीचे आणि माझे आकडे एकत्र झाले तर सरासरीला काही अर्थ राहत नाही. दोन वापरणाऱ्यांसाठी वेगळी बटणं असलेलं मॉडेल थोडं महाग असतं, पण घरात दुसरं कुणी बीपीवालं असेल तर तेच घ्या. आणि मेमरीवर विसंबू नका, वही ठेवा. सेल संपायला आले की मशीन अर्धवट फुगून 'एरर' दाखवतं, नेमकं नको तेव्हा. चार जादा सेल खोक्यातच ठेवा. भिंतीच्या अडॅप्टरची सोय असली तरी लोड शेडिंगमध्ये त्याचा उपयोग नाही.

वर्षातून एकदा मशीन डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून घ्यायचं. पाचाहून जास्त फरक वारंवार आला तर कंपनीच्या सेंटरला द्यायचं, त्यासाठी पावती आणि खोकं जपून ठेवा. मोठा पट्टा सुट्टासुद्धा मिळतो, पण तो त्याच मॉडेलचा हवा. दुसऱ्याचा नळीला बसतो आणि आकडा चुकतो. दुकानात जायच्या आधी दंडघेर घरीच मोजून जा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडून, टेप नुसती टेकेल एवढी. इंच आले तर अडीचने गुणा, थोडं वर धरा.